चिलखताच्या आतली जागा

भारतीय लष्कराने स्वदेशी रणगाड्याची आपली मागणी कागदावर उतरविली आणि १९७४ साली सरकारने तिला मंजुरी दिली, तेव्हा संबंधितांच्या मनातले वाहन ४० टनांच्या आसपासचे होते. तीस वर्षांनी, म्हणजे २००४ साली, ‘अर्जुन’ हे नाव धारण करून ते फौजेत दाखल झाले त्या वेळी त्याचे वजन ५८.५ टन भरत होते; आणि १४ फेब्रुवारी २०२१ रोजी चेन्नई येथे पंतप्रधानांनी त्याची सुधारलेली आवृत्ती तत्कालीन लष्करप्रमुख जनरल मनोज मुकुंद नरवणे ह्यांच्या स्वाधीन केली, तोपर्यंत हेच वजन सुमारे ६८ टनांवर जाऊन पोचले होते. इंजिन मात्र पूर्वीचेच, १४०० अश्वशक्तीचे, जर्मन बनावटीचे. पन्नास वर्षांच्या आत अठ्ठावीस टनांची ही जी भर पडली, तिचा दोष कोणा एका संशोधकाच्या, कारकुनाच्या किंवा सेनापतीच्या माथी मारून मोकळे होता येणार नाही, कारण अमेरिकेचा अब्राम्स १९८० साली सेवेत आला तेव्हा ५५ टनांच्या घरात होता आणि आज तो ६६ टनांपर्यंत गेला आहे, व जर्मनीचा लेपर्ड आणि ब्रिटनचा चॅलेंजर हेही त्याच वाटेचे प्रवासी आहेत. रणगाड्याच्या रचनेचे मर्म जाणून घ्यावयाचे असेल तर तोफेच्या लांबीपासून नव्हे, ह्या वजनापासून आरंभ करावा, असे माझे मत आहे.

दुसऱ्या महायुद्धापर्यंत रणगाड्यांत वर्णव्यवस्था होती. पायदळाच्या बरोबरीने मंदगतीने सरकणारे जाड चिलखताचे एक प्रकारचे, शत्रूच्या पिछाडीवर धाव घेणारे हलके दुसऱ्या प्रकारचे, आणि दुसऱ्या रणगाड्यांचा समाचार घेणारे अवजड तिसऱ्या प्रकारचे, अशी कामांची वाटणी ठरलेली असे. युद्ध संपता संपता ब्रिटनने तयार केलेला सेंचुरियन हा ह्या वाटणीला छेद देणारा निघाला. पुरेसे चिलखत, पुरेशी तोफ आणि पुरेसा वेग एकाच वाहनात बसू शकतात, हे त्याने दाखवून दिले, आणि त्यानंतरच्या दोन दशकांत बहुतेक फौजांनी जुने वर्ग मोडीत काढून एकच ‘मुख्य युद्धरणगाडा’ बाळगण्याचा शिरस्ता स्वीकारला. पण तीन भावांची मिळकत एकाच्या नावावर झाली की तिन्ही भावांची देणीही त्याच्याच नावावर चढतात. मारकशक्ती, संरक्षण आणि चपळता ह्या तिन्हींचे दावे आता एकाच सांगाड्यापुढे येऊन उभे राहिले, आणि त्यांचा निवाडा करण्याचे एकमेव माप म्हणजे वजन.

ह्या मापाची कठोरता एका साध्या हिशेबाने ध्यानात येते. एक चौरस मीटर क्षेत्रफळाचा आणि दहा सेंटिमीटर जाडीचा पोलादी पत्रा सुमारे ७८५ किलो भरतो. आजच्या रणगाड्याच्या दर्शनी भागाने अर्ध्या मीटरहून अधिक जाड पोलादाच्या तोडीचे संरक्षण द्यावे अशी अपेक्षा असते, आणि तेवढे पोलाद खरोखरीच लावावयाचे म्हटले तर प्रत्येक चौरस मीटरमागे जवळजवळ चार टन मोजावे लागतील. सर्व बाजूंनी असे कवच घालणे केवळ अशक्य. म्हणून सारे औदार्य समोरच्या बाजूस दाखवावयाचे, कुशींना त्याचा काही अंश द्यावयाचा, आणि छत, तळ व पाठ ह्यांची बोळवण काही थोड्या सेंटिमीटरांवर करावयाची, हा सर्व देशांतील रचनाकारांचा दस्तूर होऊन बसला आहे. शत्रू समोरून येईल, हे त्यामागचे गृहीत होय. हे गृहीत अलीकडे फार महाग पडू लागले आहे, त्याकडे पुढे वळेन.

तेव्हा चिलखताची जाडी कमी करता येत नसेल, तर वजन घटविण्याचा एकच राजमार्ग उरतो, आणि तो म्हणजे ज्याच्याभोवती चिलखत गुंडाळावयाचे ती आतली पोकळीच लहान करणे. माणूस, दारूगोळा, तोफेचा मागचा भाग, इंजिन आणि इंधन ह्या पाच गोष्टी त्या पोकळीत राहावयाच्या असतात. त्यांपैकी कोणाही एकाने एक वीत जागा अधिक मागितली की त्या विताभोवती टनावारी पोलाद चढते, ते ओढण्यास मोठे इंजिन लागते, मोठ्या इंजिनाला अधिक जागा लागते, आणि चक्र पुन्हा फिरू लागते. गिरगावातल्या चाळीत एका खोलीत संसार मांडणारी गृहिणी प्रत्येक डब्याची जागा जशी मनात पक्की करून मगच नवा डबा विकत आणते, तसा हा रचनाकार चिलखताच्या आतल्या प्रत्येक विताचा जमाखर्च ठेवीत असतो.

येथे उतरत्या चिलखताविषयी एक खुलासा करावासा वाटतो, कारण लोकप्रिय लेखनात त्याची नेहमी अवास्तव स्तुती केलेली असते. पत्रा उभा न लावता साठ अंशांनी मागे झुकविला तर समोरून येणाऱ्या गोळ्याला त्याची जाडी दुप्पट भासते, हे खरे. परंतु तेवढीच उंची झाकण्यासाठी झुकलेला पत्रा दुप्पट लांबही घ्यावा लागतो, त्यामुळे वजनात बचत अशी काहीच होत नाही. खरा लाभ होता तो गोळा घसरून निघून जाण्याचा, आणि आजच्या तोफांतून सुटणारे लांबट, बाणासारखे शर असे सहजासहजी घसरत नाहीत. शिवाय झुकलेल्या भिंतीमुळे आतली जागा आक्रसते ती वेगळीच. म्हणूनच टी-७२ च्या टरेटची, म्हणजे चौफेर फिरणाऱ्या त्या पोलादी बुरुजाची, गोलाई पाहून ज्यांचा जीव सुखावतो त्यांना लेपर्ड-२ चे मूळचे टरेट उभ्या भिंतींचे आणि ओबडधोबड वाटते. पण त्या उभ्या भिंतींच्या पोटात जे भरलेले आहे ते नुसते पोलाद नव्हे.

काय भरलेले आहे, हे समजण्यासाठी ते कशाविरुद्ध भरले, हे पाहावे लागते. रणगाडाविरोधी अस्त्रांच्या दोन जाती आहेत. एक रासायनिक: हिच्यात स्फोटकाच्या पुढच्या बाजूस तांब्याचा पोकळ शंकू बसविलेला असतो, स्फोट होताच तो शंकू स्वतःच्या अक्षावर चेपला जातो आणि त्यातून धातूची एक बारीक धार सुटते, जिच्या टोकाचा वेग सेकंदास आठ ते नऊ किलोमीटर असतो. ही धार चिलखत वितळविते असा सार्वत्रिक समज आहे आणि तो चुकीचा आहे. ती इतक्या प्रचंड दाबाने आदळते की पोलाद आपले काठिण्य विसरून द्रवासारखे बाजूला सरते, एवढेच. ह्या धारेला छेद देण्यासाठी ब्रिटिश संशोधकांनी सरे परगण्यातील चोभम येथे १९६० नंतरच्या दशकात पोलाद आणि सिरॅमिक अशा भिन्नप्रकृती पदार्थांचे थर रचून एक नवे चिलखत सिद्ध केले, आणि १९७६ साली त्याचे अस्तित्व जाहीर झाले. तेव्हापासून प्रत्येक देशाने आपापला थरांचा मेळ गुप्त राखला आहे. अर्जुनवरील ‘कांचन’ हे चिलखत हैदराबादच्या कंचनबागेतील संरक्षण धातुविज्ञान संशोधन प्रयोगशाळेने घडविले. ह्या थरांचा मोठा गुण असा की सारख्याच वजनाच्या पोलादापेक्षा ते धारेला कितीतरी अधिक विरोध करतात. आणि अवगुण असा की त्यांना जाडी फार लागते, म्हणजे पुन्हा जागेचाच प्रश्न. बाहेरच्या अंगाला विटांसारखे ओळीने बसविलेले जे चौकोनी डबे दिसतात त्यांची तऱ्हा निराळी: दोन पोलादी पत्र्यांच्या मध्ये स्फोटकाचा थर असतो, धार लागताच तो फुटतो, आणि उडालेले पत्रे त्या धारेच्या आड येऊन तिचे तुकडे पाडतात. इस्रायलने १९८२ च्या लेबनॉन युद्धात हे तंत्र प्रथम रणांगणावर आणले. अंगावर दारू बांधून दारूपासून बचाव करण्याची ही युक्ती पहिल्यांदा वाचताना वेडगळ वाटते, पण आज ती सर्वमान्य आहे.

दुसरी जात केवळ आघाताची. तिच्यात स्फोटक मुळीच नसते. टंगस्टनच्या मिश्रधातूचा, पोलादाच्या दुपटीहून अधिक घनतेचा, दोन-तीन सेंटिमीटर जाडीचा आणि अर्ध्या मीटरहून लांब असा एक शर, त्याच्या शेपटाला पिसे, आणि तोफेच्या रुंद नळीत तो नीट बसावा म्हणून भोवती हलक्या धातूचे वेष्टण. नळीतून बाहेर पडताच वेष्टण गळून पडते आणि शर सेकंदास १६०० मीटरांहून अधिक वेगाने एकटाच पुढे जातो. अर्जुनची १२० मिलिमीटरची तोफ पुण्याच्या पाषाण भागातील आयुध संशोधन व विकास संस्थेने आखली. तिच्या नळीला आतून पीळ दिलेला आहे, आणि येथे एक विसंगती आहे. पीळ असतो गोळ्याला स्वतःभोवती फिरवून स्थिर ठेवण्यासाठी. पण हा शर पिसांनी स्थिर राहतो, त्याला फिरणे मानवत नाही, म्हणून वेष्टणावर एक सरकते कडे चढवून पिळाचा परिणाम मुद्दाम मारावा लागतो. मग पीळ ठेवला कशासाठी? तर भिंतीवर लगद्यासारखा पसरून मग फुटणारा जो स्फोटक गोळा ब्रिटिशांच्या मागोमाग आपणही पसंत केला, तो फिरत गेल्यानेच नीट काम देतो, आणि तटबंदी, खंदक, इमारती ह्यांच्यावर त्याचा प्रभाव उत्तम पडतो. सत्तरच्या दशकात हा निर्णय समंजस होता. आज जर्मनी, अमेरिका, रशिया ह्यांच्या तोफा गुळगुळीत नळीच्या आहेत, आणि ब्रिटननेही आपल्या पुढच्या चॅलेंजरसाठी पीळ सोडला आहे; तेव्हा ह्या बाबतीत आपण आता एकाकी पडत चाललो आहोत, हे मान्य करावे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ: आत माणसे किती? पाश्चात्त्य परंपरेत उत्तर चार. चालक पुढे निजल्यासारखा बसतो. टरेटमध्ये कमांडर, तोफ डागणारा आणि गोळा भरणारा. ह्यांपैकी शेवटचा मनुष्य जागेच्या दृष्टीने सर्वांत खर्चिक, कारण बाकीचे तिघे बसून काम करतात आणि ह्याला मात्र वीस किलोंच्या घरातला गोळा छातीशी धरून, हलत्या वाहनात, उभ्याने वळावे लागते. सोव्हिएत रचनाकारांनी साठच्या दशकात, टी-६४ पासून, ह्या माणसालाच रजा दिली आणि त्याच्या जागी यंत्र बसविले. टी-७२ मध्ये टरेटच्या तळाशी एक फिरते चक्र असते. त्यात बावीस गोळे आणि त्यांची दारू आडवी मांडलेली असते, आणि हवा तो गोळा वर उचलून यंत्रच तोफेत सारते. एक माणूस कमी झाला, छप्पर खाली आले, टरेट आटोपशीर झाले, आणि १२५ मिलिमीटरची तोफ वाहणारा रणगाडा ४१ टनांत बसला. रेल्वेने न्यावयास सोपा, पुलांना झेपणारा, पैशाने स्वस्त. सोव्हिएत फौजेने ह्या वाहनांसाठी ठेंगण्या माणसांना पसंती दिली ती उगाच नव्हे. आपल्याकडे हाच टी-७२ ‘अजेय’ म्हणून चेन्नईजवळच्या आवडी येथील कारखान्यात तयार झाला, आणि २००१ च्या करारानंतर आलेला, ४६.५ टनांचा टी-९० म्हणजे ‘भीष्म’, ह्याच घराण्यातला आहे.

ह्या काटकसरीची किंमत १९९१ च्या आखाती युद्धात इराकी टी-७२ नी जगाला दाखविली. चिलखत भेदले गेले की तिघा माणसांच्या अगदी खाली आणि आजूबाजूला रचलेली दारू एकदम पेट घेई, आणि काही टनांचे टरेट बूच उडावे तसे उडून बाजूला पडे. २०२२ नंतर युक्रेनच्या शेतांतून ही चित्रे पुन्हा सर्वांनी पाहिली. ह्याच्या उलट अब्राम्समध्ये बहुतेक गोळे टरेटच्या मागच्या कप्प्यात, माणसांपासून सरकत्या पोलादी दाराने अलग ठेवलेले असतात, गोळा काढण्यापुरते ते दार काही क्षण उघडते, आणि कप्प्याच्या छताला मुद्दाम कमकुवत झडपा ठेवलेल्या असतात, जेणेकरून आग लागलीच तर ज्वाळा आकाशाकडे जाव्यात, आत वळू नयेत. रणगाडा निकामी होतो, माणसे बहुधा वाचतात. अर्जुनातही अशाच झडपांची तजवीज आहे. परंतु ह्या तुलनेवरून पाश्चात्त्य रचना शहाणी आणि रशियन अडाणी असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. लेपर्ड-२ मध्ये पंधरा गोळे मागच्या सुरक्षित कप्प्यात असले तरी सत्तावीस गोळे चालकाच्या शेजारी, माणसांच्याच खोलीत असतात, आणि २०१६ च्या अखेरीस सीरियातील अल-बाबच्या लढाईत तुर्कस्तानने जे लेपर्ड गमावले त्यांच्या अवशेषांत टरेट उखडून पडलेलाही एक होता.

ह्या कोंडीतून निघण्याचे जे निरनिराळे प्रयत्न झाले त्यांत मला स्वीडनचा सर्वांत अधिक आवडतो. १९६७ साली सेवेत आलेल्या त्यांच्या ‘एस’ रणगाड्याला टरेटच नव्हते. तोफ सांगाड्यालाच घट्ट बसविलेली, आणि नेम धरावयाचा तो अख्खे वाहन पट्ट्यांवर वळवून व पुढून-मागून वर-खाली झुकवून. वजन चाळीस टनांच्या आत, उंची अत्यल्प, आणि वेळ पडल्यास एकट्या माणसाने चालवावा आणि लढवावा इतका सुटसुटीत. धावता धावता अचूक मारा करता येत नाही, हे त्याचे वैगुण्य पुढे असह्य ठरले आणि तो वंश खुंटला. पण प्रश्नाच्या मुळाशी जाण्याचे धाडस त्या छोट्या देशाने दाखविले. इस्रायलच्या जनरल इस्रायल ताल ह्यांनी दुसरे टोक गाठले. रणगाड्यांवरील माणसे वाचविण्याला अग्रक्रम देऊन त्यांनी मर्कावा रणगाड्याचे इंजिनच पुढच्या बाजूस आणले, म्हणजे समोरून आलेला घाव आधी इंजिन झेलील, आणि मागे माणसांना बाहेर पडण्यासाठी दार ठेवले. लोकसंख्या थोडी, म्हणून माणूस मोलाचा. वजन साठ टनांच्या वर गेले तरी हरकत नाही, कारण लढावयाचे ते घराच्या दारात. रशियाने मे २०१५ मध्ये मॉस्कोच्या संचलनात दाखविलेल्या टी-१४ मध्ये टरेटातून माणूस पूर्णतः काढून तिघांनाही पुढच्या चिलखती कोठडीत बसविले आहे. कागदावर हे उत्तर सर्वांत तर्कशुद्ध आहे. तो रणगाडा आजवर मोठ्या संख्येने फौजेत उतरू शकलेला नाही, ही गोष्ट वेगळी.

चौथ्या माणसाच्या बाजूनेही बोलले पाहिजे. गोळा भरणे हे त्याचे काम लढाईत काही मिनिटांचे; बाकीच्या दिवसभरात तुटलेला पट्टा जोडणे, इंधन भरणे, रात्रीचा पहारा, बिनतारी यंत्र सांभाळणे ही कामे चौघांत वाटली जातात ती तिघांवर पडली की माणसे थकतात, आणि थकलेली माणसे चुका करतात. रिसाल्यातील अनुभवी अधिकारी हा मुद्दा नेहमी मांडतात, आणि तो तागडीत घालता येत नाही म्हणून हलका समजू नये.

तोफेचा नेम हा विषय एका स्वतंत्र लेखाचा आहे, तरी त्याची थोडी चव घेतल्याविना पुढे जाववत नाही. दोन किलोमीटरांवरून शत्रूचा रणगाडा ताशी ३६ किलोमीटर वेगाने आडवा चालला आहे असे समजा. आपला शर तेथे पोचण्यास सव्वा सेकंद लागेल, आणि तेवढ्यात तो बारा मीटर, म्हणजे आपल्या अंगाच्या लांबीहून अधिक, पुढे सरकलेला असेल. नळीच्या तोंडाशी पाच मिलिमीटरांची चूक झाली तर तेवढ्या अंतरावर ती सुमारे दोन मीटरांची होते, आणि रणगाड्याची उंचीच दोन-सव्वादोन मीटर. राजस्थानच्या उन्हात नळीची वरची बाजू खालच्या बाजूहून अधिक तापली की एवढी वक्रता तिला आपोआप येते, म्हणून नळीला उष्णतारोधक बाही घालतात, आणि तरीही राहिलेला बाक मोजण्यासाठी तोंडाशी लहानसा आरसा बसवून त्यावरून किरण परतवितात. लेझरने अंतर मोजले जाते. आडवा वारा, दारूचे तापमान, नळीची झीज, लक्ष्याची गती ह्या सर्वांची नोंद संगणक घेतो. वाहन खाचखळग्यांतून उड्या मारीत असताना दुर्बीण मात्र लक्ष्यावर स्थिर राहते, जड तोफ तिच्या मागोमाग येऊ पाहते, आणि चाप ओढला तरी दोघींची रेषा जुळल्याखेरीज बार उडत नाही. कमांडरला स्वतंत्र उष्णतादर्शक दुर्बीण असली की तोफ चालविणारा एका शत्रूचा समाचार घेत असता तो पुढचा शत्रू हेरून ठेवू शकतो. अर्जुनच्या नव्या आवृत्तीत वाढलेल्या गोष्टींपैकी ही एक मोलाची.

ही सर्व यंत्रे नव्हती तेव्हाही लढाया जिंकल्या गेल्या, हे महाराष्ट्रातल्या वाचकास सांगावयास नको. पूना हॉर्सचे लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर, ज्यांचे शिक्षण पुण्यात झाले, ते सप्टेंबर १९६५ मध्ये सियालकोट आघाडीवर, आणि त्याच रेजिमेंटचे, पुण्यात जन्मलेले सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या लढाईत, सेंचुरियनमध्येच धारातीर्थी पडले. दोघांनाही परमवीरचक्र मिळाले. खेत्रपालांच्या रणगाड्याने पेट घेतला असता माघारीचा हुकूम येऊनही, तोफ चालू आहे ह्या कारणास्तव, ते मागे फिरले नाहीत. त्यांचा तो रणगाडा, ‘फामागुस्ता’, अहिल्यानगरच्या चिलखती दल केंद्रात जतन केलेला आहे. बसंतरच्या सहा वर्षे आधी, सप्टेंबर १९६५ मध्ये, खेमकरणजवळ असल उत्तर येथे पाकिस्तानच्या नव्याकोऱ्या पॅटन रणगाड्यांची जी दुर्दशा झाली तिला आपल्या सैनिकांचे शौर्य आणि मोर्चेबांधणी जितकी कारणीभूत, तितकीच पाणी सोडून चिखल केलेली शेतेही कारणीभूत होती.

कारण वजनाचा अखेरचा हिशेब जमिनीशीच द्यावा लागतो. रुंद पट्ट्यांमुळे अर्जुनचा भार दर चौरस सेंटिमीटरला एक किलोहूनही कमी पडतो आणि वाळूत तो निर्वेध चालतो; द्रववायूच्या दाबावर तोललेली त्याची चाके खड्ड्यांचा धक्का गिळून टाकतात, आणि जुन्या पोलादी पिळदांड्यांच्या मानाने ही सवारी फारच सुखाची. पण पुलाला चौरस सेंटिमीटरशी कर्तव्य नसते, त्याला एकूण टनांशी असते. पंजाबचा मुलूख कालव्यांनी आणि बांधांनी चिरलेला आहे, तेथील प्रत्येक पूल ६८ टन झेलील असे नाही, आणि फौजेबरोबर न्यावयाचे पूलही मग त्याच मानाने भक्कम करावे लागतात. दिघी येथील लष्करी अभियांत्रिकी संशोधन संस्थेने तयार केलेला ‘सर्वत्र’ पूल हे अशाच गरजेचे अपत्य. अर्जुनची रुंदी ३.८६ मीटर, म्हणजे रेल्वेने नेतानाही खास वाघिणी आणि खास बंदोबस्त. त्यामुळे हा रणगाडा मुख्यतः राजस्थानच्या वाळवंटात राहिला, ह्यात नवल नाही.

शत्रू समोरून येईल, हे गृहीत महाग पडू लागल्याचे मी वर म्हटले. अमेरिकेचे जॅव्हलिन क्षेपणास्त्र शेवटच्या टप्प्यात उंच चढून रणगाड्याच्या छतावर कोसळते, आणि युक्रेनमध्ये तर स्वस्त सुट्या भागांतून जुळविलेली ड्रोन स्फोटक घेऊन इंजिनाच्या जाळीवर किंवा उघड्या झाकणावर नेमकी उतरतात. ह्यावर लोखंडी जाळ्यांचे मांडव उभारण्यापासून ते येणारे अस्त्र रडारने हेरून वाटेतच फोडणाऱ्या यंत्रणेपर्यंत उपाय चालू आहेत. इस्रायलच्या ‘ट्रॉफी’ने २०११ पासून हे प्रत्यक्ष करून दाखविले आहे. रणगाड्याचे युग संपले, असे १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धात सोव्हिएत क्षेपणास्त्रांनी सिनाईत हाहाकार केला तेव्हाही मोठमोठ्या पंडितांनी लिहिले होते, आणि त्यानंतर पन्नास वर्षे रणगाडे बनत राहिले. म्हणून त्या घोषणेत मी सामील होणार नाही. पण प्रत्येक नवी यंत्रणा छतावर आणखी वजन ठेवते, एवढे निश्चित.

उलट दिशेचा विचार आपल्याला हिमालयाने करावयास लावला. १ नोव्हेंबर १९४८ रोजी सुमारे साडेअकरा हजार फुटांवरील झोजीला खिंडीत जनरल थिमय्यांनी सातव्या कॅव्हलरीचे स्टुअर्ट रणगाडे नेऊन शत्रूला चकित केले, ते रणगाडे हलके होते आणि मद्रास सॅपर्सनी त्यांच्यासाठी वाट करून दिली होती म्हणून. २०२० साली लडाखमध्ये टी-७२ आणि टी-९० चढविले गेले, पण विरळ हवेत इंजिने दम टाकतात. त्यातून २५ टनांच्या ‘जोरावर’ ह्या हलक्या रणगाड्याची मागणी पुढे आली, आणि डीआरडीओ व लार्सन अँड टुब्रो ह्यांनी त्याचा नमुना जुलै २०२४ मध्ये हजिरा येथे दाखविला. त्यावर १०५ मिलिमीटरची तोफ आहे. समोरासमोर गाठ पडली तर भारी रणगाड्याच्या शराला तो झेलू शकणार नाही. तो सौदा पत्करूनच त्याची आखणी झाली आहे आणि तो सौदा मला रास्त वाटतो.

सप्टेंबर २०२४ मध्ये संरक्षण संपादन परिषदेने टी-७२ च्या जागी यावयाच्या नव्या भारतीय रणगाड्याच्या खरेदीस प्राथमिक मान्यता दिली. अर्जुनच्या बाबतीत लष्कराच्या अटी आखणी चालू असतानाच पुन्हा पुन्हा बदलल्या, आणि प्रत्येक बदलाबरोबर तो जड होत गेला. नव्या रणगाड्याच्या मागणीपत्रात वजनाची कमाल मर्यादा आणि आत बसावयाच्या माणसांची संख्या ह्या दोन अटी सर्वप्रथम लिहाव्यात, त्यांवर लष्कर आणि संशोधक दोघांनीही सह्या कराव्यात, आणि तोपर्यंत तोफेचा व्यासही ठरवू नये.